गाडीचा खांदा

ज्या घरी गाडी नव्हती त्या घरच्या सुना माहेरी जायच्या. स्टँडवर उभ्या राहायच्या, बस आली की पोराला कडेवर घेऊन चढायच्या आणि जायच्या. आमच्या घरी गाडी होती, म्हणून मी सौसरात बसून होते. माझं माहेर सावरगावचं, पांढुर्ण्याला लागून, जाम नदीच्या पलीकडे. सौसरहून तास-सव्वा तासाचा रस्ता. पण तो रस्ता घरच्या गाडीनंच कापायचा असा सासऱ्यांचा कायदा होता, आणि गाडी कधी निघणार हे गाडीचा पट्टा ठरवायचा.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. आमच्या भागात तशीच पद्धत. मामाजींचा संत्र्याचा धंदा होता. रामाकोन्याकडच्या बगीच्यांचा सौदा बहरातच बोलून ठेवायचे आणि माल नागपूरला पाठवायचे. एका साली त्यांनी घरची बैलजोडी विकली आणि जुनी पांढरी मोटारगाडी आणली. त्या काळी, ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, सौसरात घरची मोटार असणारे लोक बोटांवर मोजण्याइतके होते. गाडी आली तशी घराची उंची वाढली आणि माझी कमी झाली, असं मी मनातल्या मनात म्हणायची. तोंडानं काही म्हणायची नाही. तोंड मला होतं, पण लग्न झाल्यावर ते सावरगावलाच राहिलं.

रोज सकाळी चहा झाला की मामाजी बॉनेट उघडायचे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच गाडी उभी असायची, त्यामुळे हा सोहळा मला चुकवता यायचा नाही. इंजिनाच्या तोंडाशी रबराचा काळा पट्टा असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो, आणि त्याच्या जिवावर पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरतो. मामाजी पट्ट्याच्या मधोमध अंगठा ठेवून दाबायचे. मग डायनॅमो दोन्ही हातांनी धरून हलवून पाहायचे, कारण पट्ट्याला ताण मिळतो तो डायनॅमोमुळे. तो खाच पाडलेल्या एका लोखंडी कमानीवर बोल्टनं कसलेला असतो. बोल्ट ढिला करून डायनॅमो बाहेर ओढायचा आणि पुन्हा कसायचा, की पट्टा ताठ. बोल्ट कमजोर झाला तर डायनॅमो सरकतो आणि पट्टा ढिला पडतो.

"अर्धा इंच दबला पाह्यजे," ते आमच्या ह्यांना सांगायचे, पण खिडकीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. "जास्त दबला का गाडी गरम. कमी दबला का बेरिंग खाते. घराचंही तसंच असते. ताण बरोबर पाह्यजे."

आमचे हे मान हलवायचे. ह्यांच्या मानेला तेवढं एकच काम होतं.

माहेरी जायचं निघालं की मामाजी "नाही" कधीच म्हणायचे नाहीत. ते बॉनेट उघडायचे, अंगठा दाबायचे आणि चेहरा पाडायचे. "ताण कमजोर होऊन राहिला. रस्त्यात तुटला तं बायामाणसं घेऊन कुठं बसावं? बोरगावचा मिस्त्री येऊ दे, मंग जाऊ." मिस्त्री यायचा तेव्हा मालाचे दिवस असायचे. मी एकदा म्हटलं, मी बसनं जाते. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पायी काशीला निघाले होते. "गाडीवाल्याच्या घरची सून बसच्या दांड्याले लटकून जाईन?" मामाजी म्हणाले. माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा मला असाच त्या पट्ट्यापायी हुकला. त्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना मी बाहेर आले, बॉनेट उचललं आणि पट्ट्यावर अंगठा ठेवला. अर्धा इंच दबला. ना कमी ना जास्त. मी बॉनेट लावलं, घरात आले आणि उरलेली भांडी अशी घासली की आत्याबाई उठून बाहेर आल्या.

आत्याबाईंचं आणि माझं बरं होतं. खरं सांगायचं तर त्या घरात बोलायला मला त्या होत्या आणि त्यांना मी. त्या बोरगावच्या. तिथून बैलगाडीतून सौसरला आल्या त्या आल्याच. दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत बसायचो. मी माझ्या शाळेच्या गोष्टी सांगायची, त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. एकच गोष्ट त्या मला चार-चारदा सांगायला लावायच्या.

मग पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली. लग्नाआधी मी परीक्षा देऊन, मुलाखत देऊन बसले होते. आदेश आता आला. ठरावीक तारखेच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी आदेश दोनदा वाचला. मामाजींनीही आदेश वाचला. सरकारी नोकरीतली सून हा काही कमी मान नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण रोज सकाळी घरातून निघून संध्याकाळी परत येणारी सून, हेही दिसत होतं. "जाऊ नं," ते म्हणाले. "आपल्याच गाडीनं जाऊ. चौघंही जाऊ."

तेव्हापासून रोज बॉनेट उघडत होतं आणि रोज ताण कमजोर निघत होता. कधी कमान घासली म्हणून, कधी बोल्टचा भरवसा नाही म्हणून. बघता बघता पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, नदीच्या दोन काठांवरची माणसं एकमेकांवर दगड मारतात ती. त्या दिवशी तिथं शाळा कुठली आणि रुजू होणं कुठलं! उरला त्यानंतरचा एकच दिवस. तोच शेवटचा. आता मामाजींना पुढे ढकलायला तारीखच नव्हती, आणि मला वाटलं, सुटले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आमच्या घरी बैल उरले नव्हते, पण आत्याबाईंनी रीत सोडली नव्हती. वाटीत हळद-तूप घेऊन त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"हिचा खांदा कुठं असते हो?" त्यांनी मामाजींना विचारलं.

मी आतल्या आत हसले. मामाजी हसले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. "हा. सारं हाच तं ओढते."

आत्याबाईंनी पळसाच्या पानाचं टोक तुपात बुडवून पट्ट्यावर टिकलीएवढा पिवळा ठिपका लावला. आवतन दिलं. नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी गाडीला झूल म्हणून जुनी पैठणी पांघरली, समोर पुरणपोळी ठेवली. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून गाडीही जागची हलली नाही. गोटमारीच्या दिवशीही नाही.

निघायच्या सकाळी मी अंधारात उठून तयार होते. मामाजींनी अंगठा दाबला. मी खिडकीतून पाहत होते. पिवळ्या ठिपक्याकडे पाहून ते जरा हसले, "खांदा मजबूत आहे," म्हणाले आणि बॉनेट लावलं. माझा विश्वासच बसेना.

गाडीत हे चालवायला, मामाजी शेजारी, मागे आम्ही दोघी. मी डावीकडे. त्या डाव्या दाराची आतली मूठ तुटलेली होती. ते दार बाहेरूनच उघडायचं. मामाजींनी ती मूठ कधी लावून घेतली नाही. उतरायचं तेव्हा कोणीतरी उघडतेच, असं त्यांचं म्हणणं. मी मांडीवर आदेशाची पिशवी घेऊन बसले होते आणि दोन्ही बाजूंना ज्वारी-कपाशी मागे पडताना पाहत होते. सौसर मागे पडत होतं, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. मी फार खूश होते.

अर्धा रस्ता झाला असेल नसेल, इंजिनाकडून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवरही. काट्यावरचा लाल दिवा लागला. "गरम होऊन राहिली, बाबा," हे म्हणाले. बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली लागली. बाभळीची सावली होती गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागावर. आम्ही मागच्या अर्ध्यात होतो.

मामाजी आणि हे उतरले. बॉनेट वर गेलं आणि समोरची काच झाकली गेली. आता समोर पाहायलाही काही नव्हतं. मामाजींचा आवाज येत होता. "पाह्य, मी म्हणत होतो का नाही? ताण गेला. टॉमी आण." टॉमीच्या लोखंडी दांड्यानं डायनॅमो ओढल्याचा, पाना घसरल्याचा आवाज. इंजिन चालू केलं, पुन्हा किंचाळी. बंद केलं. पुन्हा ओढला, पुन्हा कसला. पावसाळ्यातलं उघडलेलं ऊन सगळ्यात वाईट; काच अर्धीच खाली जायची आणि घाम मानेवरून पाठीत उतरत होता. मी दाराला खांद्यानं रेटा दिला. ते हललं नाही.

तेवढ्यात मागून पांढुर्ण्याची बस आली. आमची गाडी पाहून हळू झाली, कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "काय झालं, शेठजी? कोणाले यायचं का?"

"नाही, नाही! गाडी आहे आपली!" मामाजी बॉनेटमागून ओरडले. "बस, होते आता."

बस गेली. गाडी बंद पडलेला माणूस गाडी आहे म्हणून बस सोडतो, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मला रडू आलं नाही, संताप आला. शाळा सुटायच्या आत पोचवील अशी आणखी एकच बस मागे होती. ती गेली की माझी नोकरी गेली. मग जन्मभर त्या खिडकीतून रोज सकाळी तो अंगठा पाहायचा.

पुन्हा इंजिन चालू झालं, पुन्हा किंचाळी, आणि या वेळी वाऱ्याबरोबर वास आला. रबराचा होताच, पण त्यात दुसराही एक होता. तूप कढवताना खाली लागलं की येतो तो. तो वास मी झोपेतही ओळखला असता.

"मामाजी!" मी काचेतून ओरडले. लग्नानंतर एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच. "ताण बरोबर आहे. पट्ट्याले तूप लागलं, म्हणून घसरून राहिला. तो पुसा!"

"ते तं टिकलीएवढं होतं," मामाजी म्हणाले. "तुले काय समजते त्यातलं? बोल्टच कमजोर आहे." आणि आणखी जोर लावून कसायला लागले.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या समोर, त्या झाकलेल्या काचेकडे पाहत होत्या.

"टिकलीएवढं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"समद्याइच्या समोर टिकली लावली. मंग काल तुमी झोपल्यावर वाटीतलं उरलेलं आतून चोळलं. पट्टा फिरवून फिरवून. आतून लावलं का वरून बोट ठेवलं तरी समजत नाही." मग त्या म्हणाल्या, "मामाजी म्हणत होते नं, पट्टा घसरला का गाडी जात नाही."

"काऊन, आत्याबाई?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"तू सकाळी जाशीन. सांजच्याले येशीन. मी दिवसभर कोणाशी बोलू?"

मला त्यांचा इतका राग आला की त्यांचा पदर ओढावासा वाटला. मामाजींचा राग मला जुना होता, त्याची सवय झाली होती. पण ज्यांना मी माझ्या बाजूच्या समजत होते त्यांनी हे करावं! आणि त्याच क्षणी मला त्यांची एवढी कीव आली की राग कुठे ठेवू ते कळेना. गाडीत आम्ही दोघी आणि तो करपलेल्या तुपाचा वास. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याही नव्हतं.

बाहेर काहीतरी कडकन वाजलं. "गेली चुडी," हे म्हणाले. बोल्टचे आटे गेले होते. आता तो नुसताच गरगर फिरत होता, डायनॅमो लोंबकळत होता. मामाजींनी पट्टा हातात घेतला, उलटा केला आणि त्यांचा हात पिवळा झाला. ते हाताकडे पाहत राहिले. मग मागे येऊन त्यांनी आत्याबाईंच्या खिडकीत डोकं घातलं.

"गाडीले तूप चोळते का कोणी? एवढं?"

"तुमीच तं सांगलं, हाच खांदा म्हणून," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जराही कंप नव्हता. मामाजी पुन्हा बॉनेटकडे गेले आणि सुतळीनं डायनॅमो बांधता येईल का ते पाहायला लागले.

दुसरी बस दिसली ती वळणावरून. मी पिशवी छातीशी धरली. मामाजी बॉनेटमधून डोकं न काढता म्हणाले, "जाऊ दे, होते आता." हे चिंधीला हात पुसत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. बसला थांबावंच लागलं. अजूनही विचारलं तर हे म्हणतात, "मी कायले थांबवू? मी तं हात पुसून राहिलो होतो."

बस थांबली तरी मी आतच होते. मी दार रेटलं. काचेतून हात बाहेर घालून मूठ शोधली, हात पोचेना. कंडक्टर बेल वाजवत होता. तेव्हा आत्याबाई त्यांच्या बाजूनं उतरल्या. मी त्यांच्या दाराकडे सरकणार तोच मागून वळसा घालून, काष्टा सावरत, चिखलातून माझ्या बाजूला आल्या आणि बाहेरून दार उघडलं.

"जाय," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. कंडक्टर ओरडला.

"जाय म्हणते नं. संध्याकाळी येऊन समदं सांगजो. काही सोडजो नको."

"सूनबाई!" मामाजींनी हाक मारली. "लोकं काय म्हणतीन?" मी चिखलातून पळत होते. पायातली एक चप्पल तिथेच रुतून राहिली. एका चपलेनं मी बसमध्ये चढले आणि एका चपलेनंच हेडमास्तरांपुढे उभी राहिले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि रजिस्टर पुढे केलं. मी सही केली.

त्यानंतर वर्षानुवर्षं मी सौसर-पांढुर्णा अप-डाऊन केलं, बसच्या दांड्याला लटकून. लोक काहीच म्हणाले नाहीत. मामाजीच चार लोकांत सांगायला लागले, आमची सून सरकारी मास्तरीण आहे म्हणून. मी संध्याकाळी घरी आले की आत्याबाई फाटकाशी असायच्या, आणि हातपाय धुवायच्या आधी मला दिवसभराचं सगळं सांगावं लागायचं. कधी मी थकलेली असायची, कधी चिडायची. पण काही सोडलं नाही. खांदमळणीला त्या दरवर्षी गाडीला ठिपका लावायच्या, टिकलीएवढाच. वाटी मात्र मामाजी स्वतः हातात धरून ठेवायचे. पुढे गाडी विकली. ती डाव्या दाराची मूठ शेवटपर्यंत कोणी लावली नाही.

त्या दिवशी बस सुटली तेव्हा मी मागच्या काचेशी होते. मामाजी आणि हे बॉनेटमध्ये वाकले होते. आत्याबाई उघड्या दाराशी बसकडे पाहत उभ्या होत्या. मला वाटलं, त्या वळसा घालून आपल्या जागेवर जातील. त्या गेल्या नाहीत. उन्हात उभं राहून थकल्या असतील. त्या माझ्याच जागेवर बसल्या, पदर आत घेतला आणि आपल्या हातानं दार ओढून लावून घेतलं.